लिंकसाठी मेल टाकतो पण उत्तरच येत नाही, नेमकं कुठे अडतंय ते बघा

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. एक आमच्या गुहागरातलीच होमस्टेवाली वहिनी, दुसरा देवगडचा हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारा मुलगा आणि तिसरी तारकर्लीची, तिच्या भावाच्या बोटी आहेत आणि साईट ती बघते. प्रश्न असा की ताई, वीस-पंचवीस साईटवाल्यांना लिंक एक्स्चेंजचे, म्हणजे तुम्ही आमची लिंक टाका आम्ही तुमची टाकतो असे, मेल टाकले, एकाचंसुद्धा उत्तर नाही, काय चुकतंय? मी तिघांकडून त्यांनी पाठवलेला मेल मागवून घेतला तर तिन्ही मेल जवळजवळ सारखेच. मी सासरच्या होमस्टेची साईट सात वर्षं सांभाळतेय आणि पहिल्या वर्षी हाच मेल मीपण चाळीस जणांना पाठवला होता, तेव्हा मलाही एक उत्तर आलं नव्हतं. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

तो मेल साधारण असा असतो:

"आदरणीय महोदय, आपली वेबसाईट पाहिली, खूप छान आहे. आमचीही वेबसाईट आहे. आपण आमची लिंक आपल्या वेबसाईटवर टाकावी, आम्हीही आपली लिंक टाकू. दोघांनाही फायदा होईल. कृपया लवकर कळवावे."

आता हा मेल तुम्हाला आला असं समजून वाचा. कोण लिहितंय, कुठून लिहितंय ते कळत नाही. आपलं कुठलं पान बघितलं ते नाही, त्यांची लिंक आपल्याकडे कुठे टाकायची ते नाही, ती टाकून आपल्याकडे येणाऱ्या माणसाला काय मिळणार तेही नाही. आणि "खूप छान आहे" हे तर कुठल्याही साईटला म्हणता येतं, त्यामुळे ज्याने वाचलं त्याला लगेच कळतं की यांनी आपली साईट उघडलेलीच नाही. मग तो कशाला उत्तर देईल.

पण मेल कसा लिहायचा त्याच्या आधी एक तपासणी करा, कारण बऱ्याच वेळा मेल पोचलेलाच नसतो. तुमच्या साईटच्या नावाने ईमेल आयडी असेल, म्हणजे होस्टिंगवाल्याने पॅकेजमध्ये दिलेला, तर त्यावरून स्वतःच्याच जीमेलवर एक मेल टाका आणि तो इनबॉक्समध्ये आला की स्पॅममध्ये ते बघा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून त्या मेलच्या तीन टिंबांत गेलं की शो ओरिजिनल असा पर्याय येतो, तिथे वरच्या बाजूला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असं दिसतं, मेल खरंच तुमच्याच साईटच्या नावावरून आलाय का हे पडताळणाऱ्या या तीन तपासण्या, आणि पुढे पास की फेल ते लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने नियम कडक केलेत, जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या डोमेनला, म्हणजे साईटच्या नावाला, एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी लागतंच, आणि दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्कपण. आपण काही पाच हजार पाठवत नाही, पण तिन्ही पास असतील तर बरं. फेल दिसलं तर होस्टिंगवाल्याला फोन करून सांगा की डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एवढ्या नोंदी टाकून दे, त्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. गुहागरच्या वहिनीचं नेमकं हेच झालेलं, पंचवीसच्या पंचवीस मेल बहुतेक स्पॅममध्ये पडले असणार आणि ती बिचारी महिनाभर वाट बघत बसली.

कॉन्टॅक्ट फॉर्मवर तर अजिबात विसंबू नका. आपल्याकडच्या लहान साईटवरचे अर्धेअधिक फॉर्म कुठे जातात ते मालकालाही माहीत नसतं, साईट करून देणाऱ्याने स्वतःचा आयडी टाकलेला असतो आणि तो मुलगा आता पुण्याला नोकरीला. साईटवर मोबाईल नंबर असेल तर तोच खरा पत्ता.

पण व्हॉट्सॅपवर लिहायचं म्हटलं की आणखी एक अडचण आहे आणि ती मला कळायला फार वेळ लागला. "लिंक" हा शब्दच. मी वेळणेश्वरच्या एका काकूंना मेसेज टाकला होता, नमस्कार, तुमच्या साईटवर आमची लिंक टाकाल का, खाली लिंक पाठवते. निळी टिक आली, उत्तर नाही. दोन दिवसांनी बाजारात त्यांची सून भेटली तेव्हा कळलं की काकूंनी मेसेज बघून घाबरून नंबर ब्लॉक केला होता, कारण बँकवाले, पोलीस, टीव्ही सगळे रोज ओरडून सांगतायत की अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, खात्यातले पैसे जातात. काकूंचं काहीच चुकलं नाही, आपण अनोळखी नंबरवरून लिंक हा शब्द वापरून खाली निळ्या अक्षरात काहीतरी पाठवतो, ते दिसतंच फसवणुकीसारखं. त्यानंतर मी पहिल्या मेसेजमध्ये काहीच जोडत नाही, साईटचा पत्तासुद्धा नाही, फोटो नाही, पीडीएफ नाही. पहिल्या मेसेजमध्ये फक्त मी कोण, कुठली, कोणाच्या घरची, आणि तुमच्या साईटवरच्या अमुक पानाबद्दल बोलायचंय, फोन कधी करू. लिंकच्या ऐवजी "तुमच्या पानावर आमच्या पानाचा उल्लेख" असं लिहिते. आणि ते लहान केलेले पत्ते, बिट्ली वगैरे, ते तर नकोच, पत्ता पूर्ण दिसला पाहिजे म्हणजे समोरच्याला डोमेनचं नाव वाचता येतं.

मी कोण कुठली हे सांगणंही नीट सांगा. "आम्ही कोकणातील अग्रगण्य पर्यटन सेवा पुरवठादार आहोत" याने काही कळत नाही. "गुहागरला वरच्या पाटात आमचं घर आहे, चार खोल्या देतो" म्हटलं की दाभोळपासून जयगडपर्यंत कोणालाही माणूस उभा दिसतो. आणि काका की दादा की साहेब ते फोनवर आवाज ऐकून ठरवा, मेलमध्ये सरळ नमस्कार आणि आडनावाला साहेब लावा, महोदय नको, ते ग्रामपंचायतीच्या अर्जासारखं वाटतं.

आता मुख्य काम. उत्तर आलेला माझा पहिला मेल कसा जमला ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे.

दापोलीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरला यायचं तर मधे वाशिष्ठीची खाडी लागते, दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि अलीकडे धोपाव्याला उतरायचं, नाहीतर सगळा वळसा चिपळूणवरून. आमच्याकडे एक कुटुंब आलं होतं, आदल्या दिवशी ते दापोलीकडच्या एका काकांच्या होमस्टेत राहिलेले. ते बोलता बोलता म्हणाले की फेरीची वेळ कुठे मिळेना, त्या काकांच्या साईटवर दिलीय पण उघडत नाही. रात्री जेवणं आटपल्यावर मी काकांची साईट उघडली, "कसे याल" या पानावर तिसऱ्या परिच्छेदात "फेरीबोटीचे वेळापत्रक येथे पाहा" असं होतं, आणि त्यावर क्लिक केलं की पान सापडत नाही, चारशे चार. तो मेलेला पत्ता मी कॉपी करून इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकला, तिथे जुन्या पानांच्या प्रती साठवलेल्या असतात, तर पूर्वी तिथे काय होतं ते दिसलं, वेळा आणि गाड्यांचे दर, बस एवढंच. दुसऱ्या दिवशी आमचे हे स्कूटरवरून धोपाव्याच्या जेट्टीवर जाऊन फलकाचा फोटो काढून आले, मी आमच्या साईटवर एक साधं पान केलं, वेळा, दर, गर्दी कधी असते, पावसात काय होतं, आणि वर "शेवटचं तपासलं" म्हणून तारीख. मग हा मेल लिहिला:

"विषय: तुमच्या 'कसे याल' पानावरचं फेरीबोटीचं वेळापत्रक उघडत नाही

नमस्कार साहेब. मी गुहागरहून लिहितेय, वरच्या पाटात आमचं होमस्टे आहे. काल तुमच्याकडून निघालेलं एक कुटुंब आमच्याकडे आलं, त्यांना फेरीची वेळ सापडली नाही म्हणून तुमचं पान बघितलं. 'कसे याल' मधल्या तिसऱ्या परिच्छेदात 'येथे पाहा' वर क्लिक केलं की पान सापडत नाही असं येतं. ते जुनं पान आता बंद झालंय.

आम्ही जेट्टीवर जाऊन वेळा आणि दर लिहून आणलेत आणि आमच्या साईटवर ठेवलेत, दर महिन्याला तपासू. तुम्हाला बरोबर वाटलं तर त्या बंद पत्त्याच्या जागी हा पत्ता टाकता येईल, खाली पूर्ण दिलाय. आमचं पान नको असेल तरी ती बंद लिंक तेवढी काढून टाका, लोक अडकतात.

साईट दुसरं कोणी बघत असेल तर हाच मेल त्यांना पुढे पाठवा. काय बदलायचं ते शेवटच्या दोन ओळींत लिहिलंय. माझा नंबर खाली आहे."

संध्याकाळी काकांचा फोन. म्हणाले, "अगो, वर्षभर ते बंद होतं की काय, मला कोणी बोललंच नाही." दोन दिवसांत त्यांच्या भाच्याने पत्ता बदलला. मी एक्स्चेंजचं नावही काढलं नव्हतं.

या मेलमध्ये काय वेगळं आहे बघा. विषयाची ओळ त्यांच्या साईटबद्दल आहे, माझ्या नाही. विषयात "लिंक एक्स्चेंज रिक्वेस्ट" असं असतं तर तो मेल उघडलाच गेला नसता, तसले मेल रोज येतात. मी सांगतेय ते खरं की खोटं हे काकांना एका क्लिकमध्ये बघता आलं. मागणी एकच आणि लहान. नाही म्हणायला मोकळीक आहे आणि नाही म्हटलं तरी त्यांचं एक काम झालंय. आणि पुढे पाठवण्याजोगा आहे, याला मी फार महत्त्व देते कारण आपल्याकडे साईटचा मालक एक आणि पासवर्ड दुसऱ्याकडे, भाचा, शेजारचा मुलगा, चिपळूणचा कॅफेवाला कोणीही. मालकाला पटलं तरी त्याला ते दुसऱ्याला समजावून सांगता आलं नाही की काम तिथेच थांबतं. म्हणून शेवटच्या दोन ओळी नेमक्या द्या: कुठलं पान, कुठलं वाक्य, कुठल्या शब्दांवर लिंक, कुठल्या पत्त्याची. तो मुलगा फोनवरून दोन मिनिटांत करून टाकतो.

मग देवगडच्या मुलाची केस. त्याचा मेल पोचत होता, पण तो सगळ्यांना होम पेजची लिंक टाका म्हणत होता आणि होम पेजवर काय, पेटीचा भाव आणि आता ऑर्डर करा. एखादी बाई रेसिपी लिहिते आमरसाची, ती तुमच्या दुकानाची पाटी स्वतःच्या स्वयंपाकघरात का लावेल? त्याला मी विचारलं की तुझ्याकडे असं काय आहे जे तिच्या वाचकाला आमरस करताना लागेल? तर बोलता बोलता निघालं की गिऱ्हाइकांचे सगळ्यात जास्त फोन येतात ते आंबे आले पण कच्चे आहेत, आता काय करू याचे. त्याची आजी अढी लावण्यात, म्हणजे आंबे पेंढ्यात ठेवून पिकवण्यात, तरबेज, पेंढ्याचा थर किती, देठ कुठल्या बाजूला, किती दिवसांनी उघडून बघायचं, पिकलेले आधी कसे वेचायचे. ते सगळं त्याने फोटो काढून एका पानावर लिहिलं, सोबत हापूसचं भौगोलिक मानांकन काय आहे ते, म्हणजे २०१८ मध्ये मिळालेलं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूससाठी, त्यामुळे पेटीवर काय बघायचं. आता तो रेसिपीवाल्यांना लिहितो की तुमच्या आमरसाच्या पानाखाली तीन जणांनी विचारलंय आंबा पिकत नाही म्हणून, त्याचं उत्तर इथे फोटोसकट आहे. पहिल्याच आठवड्यात दोघींनी लिंक दिली. दुकानाला लिंक मिळत नाही, कामाच्या पानाला मिळते, आणि त्या पानावरून लोक दुकानात येतातच.

तारकर्लीच्या मुलीला मी सांगितलं की पावसाळ्यात बोटी बंद असतात त्याचं पान कर. तिला पटेना, म्हणाली धंदा बंद असतो तेव्हाचं पान करून काय उपयोग. पण मालवणातल्या होमस्टेवाल्यांना जुलैत फोन येतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची बोट चालू आहे का, स्कुबा आहे का, आणि ते तेच तेच सांगून कंटाळलेत. त्यांना असं एक पान मिळालं की ते स्वतःहून पाहुण्यांना पाठवतील. तिने ते केलंय, मेल अजून जायचेत.

आता अदलाबदलीबद्दल, कारण तिघांच्याही डोक्यात हेच होतं की मी तुझी टाकतो, तू माझी टाक, जितक्या जास्त तितकं गुगलमध्ये वर. ही समजूत जुनी आहे. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये पेजरँक ही पानांचं महत्त्व ठरवायची पद्धत मांडली तेव्हा विचार असा होता की एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे ती एक शिफारस, आणि ज्याला स्वतःला चांगल्या शिफारशी आहेत त्याच्या शिफारशीला वजन जास्त. मग लोकांनी शिफारशीच विकत घ्यायला आणि ढिगाने अदलाबदल करायला सुरुवात केली. २४ एप्रिल २०१२ ला गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला तो असल्या बनावट लिंकांवर, २०१६ पासून तो त्यांच्या मुख्य पद्धतीचाच भाग झाला. आजही गुगलच्या स्पॅमच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की अति प्रमाणात लिंकांची अदलाबदल किंवा फक्त एकमेकांना लिंक देण्यासाठी केलेली पार्टनर पानं हे लिंक स्पॅम आहे.

यातला "अति प्रमाणात" हा शब्द नीट वाचा. दापोलीकडच्या काकांनी माझी दिली आणि मी आमच्या "आसपास काय बघाल" पानावर त्यांच्या गावच्या माहितीची दिली, यात काहीही गैर नाही, शेजारी एकमेकांचं नाव सांगणारच. गैर केव्हा, तर "आमचे मित्र" असं एक पान आणि त्यावर ऐंशी लिंका, त्यात जळगावचा प्लंबर आणि कुठलं तरी कर्ज देणारं ॲप. त्या पानावर कोणी माणूस जात नाही, त्यामुळे तिथे लिंक मिळूनही तुम्हाला एक पाहुणा मिळणार नाही. मी एक साधी कसोटी लावते: गुगल नसतंच तर मी ही लिंक मागितली असती का, माझ्या पाहुण्याला ती दिली असती का? उत्तर "नाही" असं आलं तर मेल लिहीतच नाही.

म्हणूनच पहिल्या मेलमध्ये "आम्हीपण तुमची टाकू" हे लिहू नका. समोरच्याचं पान खरंच उपयोगी वाटलं तर आधीच टाका, न विचारता, आणि मेलमध्ये एका वाक्यात सांगा की तुमच्या कातळशिल्पांच्या पानाची लिंक आम्ही दिलीय, पाहुण्यांना आवडतं. त्याच्या बदल्यात काही मागू नका. लोकांना समजतं.

वेळेबद्दल पण बोलायला हवं, हे पुण्या-मुंबईच्या कोणी सांगणार नाही. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या होमस्टेवाल्याला मेल टाकणं म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याला थांबवून पत्ता विचारण्यासारखं आहे, खोल्या भरलेल्या, आंब्याच्या पेट्या भरणं चालू, पाण्याचा टँकर, वाचणार कधी? शिमग्यात नाही, गणपतीत तर नाहीच, दिवाळीच्या सुट्टीत नाही. जुलैत बरेच जण लावणीत असतात पण संध्याकाळी घरात असतात, पाऊस पडत असतो आणि फोन हातात असतो. माझा अनुभव असा की लावणी आटपल्यावर आणि गणपतीची रंगरंगोटी सुरू व्हायच्या आधी जे मेल टाकले त्यांना सगळ्यात जास्त उत्तरं आली. तेव्हा लोकांना पुढच्या सीझनसाठी साईट सुधारायची पण असते. मच्छीमारांचं वेगळं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटवाल्यांना गाठायचं तर तेव्हा गाठा.

आठवण एकदाच करा. दहा-बारा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळी, नवीन मेल नको, "मागचा मेल राहिला असेल म्हणून परत टाकतेय, नको असेल तर काही हरकत नाही". त्यानंतर गप्प बसा. तिसऱ्यांदा लिहिलं की लोक स्पॅमचं बटण दाबतात आणि मग तुमचे बाकीचे मेलपण स्पॅममध्ये जायला लागतात.

उत्तर आलं पण भलतंच आलं, असंही होतं. "लिंकचे अमुक पैसे पडतील" असं आलं तर मी सरळ नको म्हणते. जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घ्यायला बंदी नाही, पण मग ती स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो म्हणून चिन्हांकित केलेली असावी लागते, ही लिंकच्या कोडमध्ये गुगलसाठी टाकायची खूण असते. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्ड हे चिन्ह २०१९ मध्ये आलं. तशी लिंक गुगलसमोर शिफारस म्हणून धरू नका, तिच्यावरून माणसं येतील एवढंच. आणि पैसे घेणारा बिनचिन्हाची देतो म्हणाला तर तो तुम्हाला नियमाबाहेर ओढतोय. "आधी तुम्ही आमची टाका" असं आलं तर त्यांचं पान वाचा, चांगलं असलं तर टाका, नसलं तर नम्रपणे नाही म्हणा.

लिंक दिली असं सांगितलं की त्याच दिवशी तपासा, आणि कॉम्प्युटरवर इनकॉग्निटो विंडोत तपासा. माझ्या बाबतीत एकदा पत्त्यात शेवटचं अक्षर राहिलं होतं आणि तीन महिने सगळे चारशे चारवर जात होते, मालक म्हणत होते दिलीय आणि त्यांनी दिलीच होती. चूक दिसली तर आधी आभार माना आणि मग बरोबर पत्ता परत पाठवा. सर्च कन्सोल या गुगलच्या साईटवाल्यांसाठीच्या साधनात लिंक्स नावाचा रिपोर्ट आहे, त्यात नवीन लिंक दिसायला काही आठवडे लागू शकतात, रोज उघडून बघत बसू नका. आणि नोफॉलो दिसली म्हणून भांडायला जाऊ नका, फेरीची वेळ बघायला आलेला माणूस नोफॉलोवरूनही तसाच येतो.

तुमच्या बाजूने एक काळजी घ्या, पानाच्या पत्त्यात साल घालू नका. वेळापत्रक-२०२३ असा पत्ता केला की पुढच्या वर्षी तुम्ही नवीन पान करणार आणि ज्यांनी ज्यांनी लिंक दिली त्या सगळ्यांकडे मेलेला पत्ता राहणार. पत्ता एकच ठेवा, आतला मजकूर बदला. आधीच करून बसला असाल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर तीनशे एक रिडायरेक्ट लावून घ्या, म्हणजे जुना पत्ता उघडला की माणूस आपोआप नव्या पानावर जातो. पान हलकं ठेवा, आमच्या खाडीकाठी रेंज कशी येते ते सगळ्यांना माहीत आहे, दहा मोठ्या फोटोंचं पान जेट्टीवर उभ्या माणसाच्या फोनवर उघडतच नाही, आणि ज्याला लिंक मागितली तो मालकही ते फोनवरच उघडून बघणार असतो.

आणि एकदा लिंक मिळाली की ते पान तुमच्या गळ्यात आहे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, फेरीचे दर बदलतात, तुम्ही ते पान सोडून दिलंत तर तुमच्यामुळे दुसऱ्याच्या साईटवर चुकीची माहिती उभी राहते. मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते पान उघडते, आमचे हे कामासाठी धोपाव्याकडे गेले की फोटो काढून पाठवतात.

गेल्या नोव्हेंबरात काकांचाच फोन आला. त्यांच्याकडचे पाहुणे जेट्टीवर पोचले तर दर वाढलेले, आमच्या पानावर जुनेच. काका म्हणाले, "बदलून टाक गो लगेच, माझ्याकडे उद्या आणखी दोन गाड्या आहेत." रात्रीच बदलले, तारीख टाकली आणि ते पान जोडणाऱ्या बाकीच्या पाच जणांना एकेक ओळीचा मेसेज टाकला की दर बदललेत, पान दुरुस्त केलंय, तुम्हाला काही करायला नको. पाचांपैकी तिघांनी उत्तर दिलं, आणि हेदवीच्या एकांनी तवसाळ-जयगड फेरीच्या वेळा लिहून पाठवल्या, म्हणाले याचं पण एक पान करा, मी माझ्या साईटवर टाकतो.